बीटा पेशीच्या स्वयंपाकघरातला धूर

 

आजचा विषय एका पत्रावरून सुचला. इंदूरहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे यजमान ५२ वर्षांचे, तीन वर्षांपासून मधुमेह. कुणीतरी त्यांना अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आणून दिल्या. सोबत सल्लाही दिला, 'मधुमेहात स्वादुपिंडातल्या पेशी गंजतात. ही कॅप्सूल गंज काढते. आता मेटफॉर्मिन कशाला?' यजमानांना ते पटलं. मेटफॉर्मिन बंद झालं आणि चार महिन्यांत एचबीएवनसी ७.१ वरून ९ वर गेलं. ताई विचारतात, 'ही गंजण्याची गोष्ट थापच होती ना?'

नाही ताई, थाप नव्हती. तीच तर अडचण आहे. पेशींना ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांमुळे इजा होते हे खरं आहे. त्यावर चांगलं, मेहनतीचं संशोधन झालं आहे. पण या खऱ्या गोष्टीवरून काढलेला निष्कर्ष चुकला, आणि त्याची किंमत तुमच्या यजमानांच्या पेशींनी मोजली. म्हणून आज ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट समजून घेऊ.

लाखो बेटं, एक काम

पोटात, जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्याचा बहुतेक भाग पाचक रस बनवतो. पण त्यात ठिकठिकाणी पेशींचे छोटे पुंजके विखुरलेले असतात. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्यानं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याच्या नावानं आपण त्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतो. माणसाच्या स्वादुपिंडात अशी साधारण दहा लाख बेटं असतात. आकडा मोठा वाटतो, पण सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाचा शंभरातला एखाद-दुसरा भाग भरतात. या बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. शरीरात दुसरं कुणी हे काम करत नाही.

आता बीटा पेशी म्हणजे एक स्वयंपाकघर आहे असं समजा.

इतर बऱ्याच पेशी साखर किती आत घ्यायची हे दारावर ठरवतात. बीटा पेशीचं दार मात्र सताड उघडं असतं. रक्तात जितकी साखर, तितकीच थोड्या वेळात तिच्या आत. तसं असणं गरजेचंच आहे, कारण रक्तात साखर किती आहे हे ओळखणं हेच तिचं काम. आत आलेली साखर ती चुलीत घालते. ही चूल म्हणजे तंतुकणिका, ज्यांना आपण मायटोकॉन्ड्रिया म्हणून ओळखतो. साखर जास्त आली की चूल मोठी पेटते, ऊर्जा जास्त तयार होते आणि त्या इशाऱ्यावर इन्सुलिन रक्तात सोडलं जातं.

चूल म्हटली की धूर आलाच. तंतुकणिकांमध्ये ऑक्सिजन वापरताना थोडा ऑक्सिजन अर्धवट राहतो. त्यातून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे पदार्थ तयार होतात. ते शेजारच्या प्रथिनांना, पेशीच्या पडद्याला, डीएनएला डाग पाडतात. हा धूर बाहेर काढण्याची व्यवस्था अपुरी पडली, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मराठीत ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणू. रोजच्या धावपळीच्या मानसिक ताणापेक्षा ही वेगळी गोष्ट आहे, तेवढं लक्षात ठेवा.

बीटा पेशीत धुराची आणखी एक जागा आहे. इन्सुलिनचा रेणू ५१ अमिनो आम्लांचा. त्याची घडी नीट बसावी म्हणून त्यात गंधकाच्या तीन गाठी माराव्या लागतात. यातली प्रत्येक गाठ मारताना हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू तयार होऊ शकतो. कामाचा जोर असताना एक बीटा पेशी मिनिटाला दहा लाखांच्या आसपास इन्सुलिनचे रेणू घडवू शकते, असा अंदाज आहे. प्रत्येकी तीन गाठी. हिशेब तुम्हीच करा. म्हणजे साखर जाळतानाही धूर आणि इन्सुलिन घडवतानाही धूर.

धुराडंच लहान

निसर्गानं प्रत्येक पेशीला धुराडं दिलं आहे. ही धुराडी म्हणजे शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट विकरं, म्हणजे एन्झाइम्स. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मग कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दोन विकरं त्या पेरॉक्साइडचं साधं पाणी करून टाकतात.

बीटा पेशीत ही व्यवस्था किती आहे? जर्मनीतल्या हॅनोव्हर इथले शास्त्रज्ञ सिगुर्ड लेन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उंदरांच्या वेगवेगळ्या अवयवांमध्ये या विकरांची जनुकं किती चालू आहेत ते मोजलं. यकृत १०० धरलं, तर स्वादुपिंडाच्या बेटांमध्ये सुपरऑक्साइड डिसम्युटेज ३० ते ४० निघालं. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज फक्त १५. आणि कॅटलेज त्यांच्या मोजणीत सापडलंच नाही. मूत्रपिंड, मेंदू, फुप्फुस, हृदय यांपैकी कुणाचीही अवस्था इतकी वाईट नव्हती.

याचा एक ढळढळीत पुरावा त्याच्या बराच आधी, १९४३ मध्ये, ग्लासगोत मिळाला होता. ते युद्धाचे दिवस होते. ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांची मूत्रपिंडं निकामी का होतात, हे तिथले संशोधक शोधत होते. त्या कामात त्यांनी सशांना अलोक्सान नावाचं रसायन टोचलं. पाहतात तर सशांच्या स्वादुपिंडातली बेटं मेलेली! पुढे कारण उलगडलं. अलोक्सानचा रेणू साखरेसारखा दिसतो, म्हणून तो साखरेच्याच दारानं आत शिरतो आणि आत गेल्यावर धूर करतो, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. तेच दार यकृताच्या पेशींनाही असतं. अलोक्सान तिथेही शिरतं. पण यकृताकडे भरपूर कॅटलेज असल्यामुळे ते निभावून नेतं. बीटा पेशी मरते. रसायन तेच, दार तेच. फरक धुराड्याचा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माणसाच्या बीटा पेशी उंदरांच्या पेशींपेक्षा थोड्या अधिक चिवट असतात. त्यामुळे उंदरांवरचा प्रत्येक निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. हे वाक्य पुढेही लागणार आहे.

मग निसर्गानं असं का केलं?

इतकी मोलाची पेशी आणि तिच्या संरक्षणात कंजूषी? याचं एक पटण्यासारखं उत्तर गेल्या वीसेक वर्षांत पुढे आलं आहे.

खेड्यात पूर्वी एखाद्या घरातून धूर निघाला, की ओळखायचे, चूल पेटली, घरात माणसं आहेत. धूर हीच खूण. बीटा पेशीतही काहीसं तसंच आहे. साखर आली की हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंसं वाढतं आणि ते इन्सुलिन सोडण्याच्या इशाऱ्यात भाग घेतं. प्रयोगशाळेत बीटा पेशींमधलं हे पेरॉक्साइड पुसून टाकलं, तर साखर देऊनही इन्सुलिन कमी सुटतं, असं २००७ च्या सुमारास दिसून आलं. म्हणजे थोडा धूर हा निरोप आहे आणि पुष्कळ धूर ही इजा आहे. धुराडं फार मोठं असतं, तर निरोपच पोचला नसता.

जेवणानंतर दोन-तीन तास चूल पेटावी, मग विझावी, या बेतानं हे स्वयंपाकघर बांधलेलं आहे. पंगत संपायलाच तयार नसेल तर काय, याचा विचार त्या बांधणीत नाही.

पंगत संपत नाही तेव्हा

टाइप २ मधुमेहात नेमकं हेच होतं. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की इन्सुलिनचं म्हणणं तिथे ऐकलं जात नाही. मग तेवढ्याच साखरेला जास्त इन्सुलिन लागतं. बीटा पेशी दिवसरात्र राबते. कधीतरी ती कमी पडते आणि रक्तातली साखर चढी राहू लागते. दार तर उघडंच, त्यामुळे आता चूल विझतच नाही. धूर साठतो. इन्सुलिनचं जनुक चालू ठेवणारी पीडीएक्स-१ आणि माफ-ए ही दोन प्रथिनं या धुरात आपलं काम सोडू लागतात. इन्सुलिन कमी बनतं, साखर आणखी वाढते, धूर आणखी वाढतो. हे दुष्टचक्र. डॉक्टर याला ग्लुकोटॉक्सिसिटी म्हणतात, म्हणजे साखरेचीच विषबाधा.

हे किती लवकर सुरू होतं? २००३ मध्ये अमेरिकेत शवविच्छेदनातून मिळालेल्या स्वादुपिंडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लठ्ठ आणि मधुमेही माणसांमध्ये बीटा पेशींचं आकारमान लठ्ठ पण मधुमेह नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के कमी होतं. आणि ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर थोडी जास्त होती, त्यांच्यातही ते ४० टक्के कमी होतं. म्हणजे 'बॉर्डरवर आहे' असं आपण ज्याला म्हणतो, त्या वेळी बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

भारतात ही बॉर्डर किती गजबजलेली आहे पाहा. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे देशभरचे निकाल २०२३ मध्ये आले. त्यानुसार सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सगळ्यांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. प्रौढांमध्ये चारातल्या एकाहून जास्त.

एक खुलासा. टाइप १ मधुमेहाची गोष्ट वेगळी आहे. तिथे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर हल्ला करते. त्या हल्ल्यातही हा धूर वापरला जातो, पण त्यांना इन्सुलिनला पर्याय नाही. कुठल्याही गोळीसाठी, पावडरीसाठी, काढ्यासाठी टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन एक दिवसही थांबवायचं नाही. जीव जाऊ शकतो.

मग गोळी का चालत नाही?

धुरानं पेशी बिघडते, तर धूर पुसणारी गोळी द्या, हा विचार शास्त्रज्ञांच्याही मनात आला होता. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी मधुमेही उंदरांना एन-ॲसिटिलसिस्टीन आणि क, ई ही जीवनसत्त्वं दिली. त्यांच्या बीटा पेशी जास्त टिकल्या, साखरही सुधारली. आशा वाटणं साहजिक होतं. जाहिरातवाले सहसा गोष्ट इथेच थांबवतात. आपण पुढे जाऊ.

अमेरिकेत सुमारे २२ हजार पुरुष डॉक्टरांवर १२ वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना बीटा कॅरोटीन, निम्म्यांना खोटी गोळी. मधुमेह दोन्हीकडे सारखाच झाला.

मग हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेसहा हजार स्त्रिया, ज्यांना सुरुवातीला मधुमेह नव्हता. त्यांना क, ई आणि बीटा कॅरोटीन वेगवेगळ्या जोड्यांनी नऊ वर्षांहून अधिक काळ दिलं. २००९ मध्ये निकाल आला. मधुमेह टळला नाही.

सेलेनियमचा निकाल तर उलटा लागला. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागतं, म्हणून ते दिलं तर धुराडं मोठं होईल, असा हिशेब कुणीही केला असता. सुमारे १,२०० लोकांना सरासरी पावणेआठ वर्षं रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा खोटी गोळी दिली. खोट्या गोळीच्या गटात ३९ जणांना मधुमेह झाला, सेलेनियमच्या गटात ५८ जणांना.

आणि २००९ मधलाच जर्मनीतला एक छोटा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना सोबत क जीवनसत्त्व १,००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० युनिट दिलं. ज्यांनी नुसता व्यायाम केला, त्यांच्या शरीरात इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं. ज्यांनी व्यायामासोबत गोळ्या घेतल्या, त्यांचा हा फायदा बुडाला. व्यायामात होणारा थोडासा धूर शरीराला सांगत असतो की धुराडं वाढव. गोळीनं तो निरोपच पुसला.

आता कारण लक्षात येईल. एक तर गोळी धूर आणि निरोप यांत भेद करत नाही. दुसरं, गोळीतला पदार्थ बीटा पेशीच्या आत, नेमक्या चुलीजवळ, हव्या त्या वेळी पोचेलच याची खात्री नाही. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं कारण म्हणजे पंगत चालूच आहे. चूल भडकलेली ठेवून धूर पुसत बसलं, तर हात दुखतील, धूर संपणार नाही.

'मग सगळं संशोधन फुकट का?' असंही नाही. २०२२ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी टाइप २ च्या २५० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत सहा महिने रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन दिलं. डीएनएला होणाऱ्या इजेची खूण कमी झाली, आणि ५५ वर्षांवरच्या रुग्णांमध्ये एचबीएवनसीही सुधारलं. ही उत्साह देणारी सुरुवात आहे. पण दोन शब्द अधोरेखित करा, 'औषधांसोबत'. आणि एका अभ्यासावरून सगळ्यांनी गोळी सुरू करायची नसते. मोठ्या चाचण्यांनी काय होतं ते आत्ताच पाहिलं.

आणि हळद, आवळा, कारलं? स्वयंपाकात जरूर असू द्या. भाज्या, फळं, डाळी यांत अँटिऑक्सिडंट असतात, शिवाय तंतू असतात, पोट भरतं आणि साखर सावकाश चढते. पण हळदीच्या अर्काच्या मोठ्या मात्रेनं काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही ग्लुकोमीटर आणि सेन्सर साखर चुकीची दाखवतात. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हा युक्तिवाद सोडून द्या.

चूल मंद करा

बीटा पेशीला खरा आराम देता येतो का? येतो, आणि त्याचे पुरावे माणसांवरचे आहेत.

चीनमध्ये नुकताच मधुमेह कळलेल्या ३८२ लोकांवर चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला. काहींना सुरुवातीलाच काही आठवडे इन्सुलिन देऊन साखर पूर्ण ताब्यात आणली आणि मग औषध थांबवलं. वर्षानंतर इन्सुलिनच्या गटांतल्या जवळपास निम्म्यांची साखर औषधाविना ताब्यात होती. गोळ्यांच्या गटात हे प्रमाण २७ टक्के होतं. म्हणजे बाहेरून इन्सुलिन दिल्यानं पेशी आळशी होत नाहीत. उलट दमलेल्या पेशींना विसावा मिळतो. 'इन्सुलिन सुरू झालं म्हणजे संपलं' असं मानणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

ब्रिटनमध्ये २०१७ ची डायरेक्ट चाचणी. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेले लोक, मोजकाच आहार, दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी, तीन ते पाच महिने. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना उतारावर होता. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात ८६ टक्के. ज्यांना उतार पडला, त्यांच्या बीटा पेशी पुन्हा इन्सुलिन सोडू लागल्याचं तपासणीत दिसलं. म्हणजे सगळ्या पेशी मेलेल्या नव्हत्या. काही धुरानं गुदमरून गप्प बसल्या होत्या. मात्र मधुमेह जितका जुना, तितकं हे अवघड. हा आहार घरच्या घरी सुरू करू नका. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असेल, तर साखर एकदम खाली जाऊन घात होईल.

आणि आपल्याकडचा पुरावा चेन्नईचा, २००६ चा. उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर. जेवणातला बदल आणि रोजचं चालणं यांमुळे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिननं २६.४ टक्क्यांनी.

तेव्हा ताई, तुमच्या पत्राचं उत्तर असं. यजमानांच्या पेशी धुरात होत्या हे खरं. पण त्यांचं मेटफॉर्मिन चूल मंद करत होतं. ते काढून घेतलं आणि पंखा हातात दिला. आता या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, कॅप्सूलची बाटली सोबत न्या, काहीही लपवू नका. त्यांना रागवत बसू नका. ज्या माणसाला आपल्या पेशी वाचवायच्या होत्या, त्यालाच योग्य वाट दाखवणं सोपं असतं.

बाकी सगळ्यांसाठी आजचा सारांश:

१. बीटा पेशीचं दार उघडं आणि धुराडं लहान असतं. साखर चढी राहिली की इजा तिला लवकर होते.

२. साखर ताब्यात ठेवणारं प्रत्येक औषध, उतरलेला प्रत्येक किलो आणि जेवणानंतरची प्रत्येक फेरी ही बीटा पेशीची खरी राखण आहे.

३. तंबाखू ओढणं सोडा. धूम्रपानानं मधुमेहाचा धोका वाढतो.

४. अँटिऑक्सिडंटची गोळी कधीही औषधाच्या जागी घ्यायची नाही. औषधासोबत घ्यायची असेल, तरी डॉक्टरांना विचारून.

५. घरात कुणाला मधुमेह असेल आणि तुम्ही तिशी ओलांडली असेल, तर साखर तपासून घ्या. उंबरठ्यावरच कळलं, तर वाचवायला पेशी जास्त असतात.

पुढच्या भागात मधुमेह आणि मूत्रपिंड. तोवर जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चालून या. तुमच्या बीटा पेशी तेवढा वेळ जरा मोकळा श्वास घेतील. नमस्कार.